कालचा पेपर आणि दोन बटाटे

डिसेंबर लागला की मला काकांची आठवण येते, आणि आठवण आली की आधी डोकं फिरतं. जुनी माणसं आठवली की लोकांना म्हणे गहिवरून येतं. मला नाही येत. मला सकाळचे पावणेसात आठवतात. पंचवटी चौकाच्या अलीकडे कुणाच्या तरी शेकोटीपाशी उकिडवे बसलेले काका आठवतात, आणि सॅम्पलचा डबा छातीशी धरून त्यांच्या मागे थंडीनं आणि संतापानं थरथरत उभा असलेला मी आठवतो. सात वाजता राठीनगरातल्या एका आजीबाईंचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं असायचं. त्या तिकडे चहासाठी जीव टाकत बसलेल्या. आणि हे इकडे पापड भाजावा तसे तळहात उलटसुलट करून राहिलेले.

"काका, चला ना आता."

"थांब."

"सात वाजून राहिले."

"वाजू दे ना. सातच्या नंतर आठबी वाजतेत."

आणि तळहात पुन्हा उलटे.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. अमरावतीच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चोविसाव्या वर्षी चिकटलो, तिथले ते सगळ्यात जुने टेक्निशियन. मूळचे बाळापूरचे, शिकले अकोल्याला, आणि पोटापाण्यासाठी अमरावतीत येऊन तीस वर्षं झाली तरी अमरावतीच्या हवेशी त्यांनी समझोता केला नव्हता. "बाळापूरले थंडी पाहुणी म्हणून येते, इकडे अमरावतीत मुक्काम ठोकते," असं ते दर हिवाळ्यात निदान पन्नासदा म्हणायचे. लॅबच्या डॉक्टर, ज्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, त्याही त्यांना काकाच म्हणत. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम शिकायला मला काकांच्या मोटरसायकलवर मागे बसवलं, आणि मी तिथं एकूण सहा हिवाळे बसलो. दुसऱ्या वर्षी मी माझी गाडी घेतली होती. पण काका सॅम्पलचा डबा गाडीला टांगू द्यायचे नाहीत. तो कुणीतरी मागे बसून मांडीवर धरायचा, वरून रुमाल गुंडाळायचा. कुणीतरी म्हणजे कोण, तर मी. काहून असं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढं जे झालं ते झालं नसतं. पण त्यांना काही विचारायचं म्हणजे अर्धा तास गेला, आणि आमच्यापाशी अर्धा तास कधी नसायचाच.

सकाळी सहाला मी माझ्या गावाहून, नांदगाव पेठेहून त्यांच्या दारात हजर व्हायचो. तेव्हा त्यांचं भरणं चालू असायचं. भरणं हा काकूंचा शब्द. बनियन, त्यावर कालचा पेपर, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर. पेपर कालचाच हवा. आजचा चालायचा नाही, कारण तो वाचायचा बाकी असतो. परवाचा चालायचा नाही, कारण त्याच्या घड्या मऊ पडतात आणि "हवा घुसते". चकचकीत पुरवणी बिलकुल नाही. ती आंगाले थंडी लागते, म्हणून काकू ती काढून कपाटात अंथरायच्या. चार घड्या पोटापासून गळ्यापर्यंत, एक कमरेला मागून. त्या माणसानं वाकून बुटाची लेस बांधली की अख्खा पेपर चाळल्याचा आवाज यायचा.

"हा माणूस नाई रे बाप्पा, रद्दीचं दुकान हाये," काकू म्हणायच्या. त्या बिचाऱ्या सहापासून दोन चुली सांभाळायच्या, म्हणजे एका गॅसवर चहा आणि दुसऱ्यावर दोन बटाटे.

बटाट्यांचं सांगायलाच पाहिजे. दोन मोठे बटाटे उकडायचे, एकेक जुन्या मोज्यात घालायचा, आणि स्वेटरच्या दोन खिशांत एकेक. प्रत्येक पेशंटच्या दाराशी गाडी लावली की दोन्ही हात खिशात घालून काका बटाटे धरून उभे राहायचे. नऊच्या सुमारास बटाटे निवले की ते पुढच्या पेशंटच्या ओसरीवर बसून सोलायचे, तिखटमीठ लावून खायचे. आता विचार करा. आतला माणूस शुगरच्या तपासणीसाठी रात्री आठपासून पाण्यावर आहे. आणि त्याच्यासमोर हा गृहस्थ बटाटा खातो! एका बाईंनी तर रागानं तोंडात गूळ टाकला, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. मॅडमची बोलणी कुणी खाल्ली? मी. काका म्हणाले, "बटाटा वाया घालवाचा का मंग?"

हातांवर लोकरीचे मोजे, त्यावर ब्रेडच्या पिशव्या, मनगटाला रबर. शिवाय गाडीच्या दोन्ही मुठींवर काकूंच्या जुन्या रजईचे तुकडे शिवून बसवलेले. त्यात हात घातले की बाहेरून ब्रेक दिसायचा नाही, क्लच दिसायचा नाही, आणि काकांना स्वतःलाही तो पटकन सापडायचा नाही. म्हणून वेग तीस. त्याच्या वर काटा गेलेला मी सहा वर्षांत पाहिला नाही. सायकलवरचे दूधवाले आम्हाला मागे टाकून जायचे आणि वळून बघायचे. मी कधी चिडून म्हटलं की जरा ओढा ना काका, तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "थंडी हवेत नसते लेका, ॲक्सिलेटरमंदी असते. जेवढी पिळशीन तेवढी निघन."

आणि शेकोट्या! राहटगावपासून इर्विन चौकापर्यंतची प्रत्येक शेकोटी त्यांच्या ओळखीची. कोणती पहाटे साडेपाचला पेटते, कोणत्या शेकोटीत टायर टाकतात म्हणून तिथं बसायचं नाही, कुठल्या चौकीदाराचा मुलगा दहावीला आहे, सगळं पाठ. एक शेकोटी ओलांडून पुढं जाणं हा त्या शेकोटीचा अपमान, अशी काहीतरी त्यांची समजूत होती. "ओ काका!" म्हणून हाक आली की गाडी थांबलीच. आणि मग मी तिथं, डबा घेऊन.

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. त्यांना सुईची भीती. काकांनी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून स्वेटर वर केला, तर शर्टच्या फटीतून कालच्या पेपराचं शब्दकोडं दिसत होतं. हेडमास्तर चष्मा लावून पुढं वाकले. "सात उभा, 'नदीचा काठ', तीन अक्षरी," असं म्हणून त्यांनी पेनच मागितला. काकांनी दिला. त्यांच्या पोटावर ते कोडं सोडवत बसले, आणि तेवढ्यात काकांनी रक्त घेऊन टाकलं. छान. पण नंतर बारा मिनिटं कोडं पुरं होईपर्यंत काका पोट पुढं काढून तसेच बसलेले! मी घड्याळ दाखवलं तर मलाच म्हणाले, "मास्तर लोकायले मधात तोडू नोये."

एवढा सगळा तमाशा कशासाठी, तर हात गरम राहावे म्हणून. अंगाचं त्यांना काही नव्हतं, सगळं हातांसाठी. "पेशंट सुईले भेत नाई बे, हाताले भेते. सुई तं मंग लागते, आधी लागते तो आपला हात. थंडा हात लागला की नस पयते." नस पळते, हे खरं आहे, थंडीत शिरा आत जातात, ते पुस्तकातही आहे. पण पुस्तकात दहा मिनिटं घड्याळ लावून हात शेका असं लिहिलेलं नाही. काका दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, त्यांचा गॅस पेटवून, घड्याळ बघून दहा मिनिटं हात शेकायचे. आणि मग माझी पाळी. माझ्या हाताची मागची बाजू ते आपल्या गालाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे:

"थंडा हाये. अजून शेक."

सहा वर्षं! हाताला चटका बसेपर्यंत शेकून गेलो तरी, "थंडा हाये." एकदा मी मुद्दाम गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून गेलो. लाललाल झालेला हात गालाला लावून हा माणूस म्हणतो, "वरून गरम हाये, आतून थंडा हाये." मी त्या दिवशी नोकरी सोडणार होतो.

सोडली नाही, कारण त्याच हिवाळ्यात माय आजारी पडली.

आमचा भाजीचा मळा आहे नांदगाव पेठेच्या मागच्या अंगाला. माय पहाटे उठून मेथी-पालक काढायची, हौदाच्या पाण्यात धुवायची, जुड्या बांधायची. त्या वर्षी दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. तोंड पिवळं पडलं, उभी राहिली की चक्कर यायची. आणि सकाळी बोटांची टोकं जांभळी-निळी व्हायची. "थंड्या पाण्यात हात असतेत माहे, मंग काय होईन?" असं म्हणून तिनं महिना काढला. शेवटी मीच म्हटलं, रक्त तपासू.

आता घरात टेक्निशियन असताना मायला लॅबमध्ये कशाला न्यायचं? माझा रुबाब! मी घरीच तिचं रक्त घेतलं. तिच्या बारीक शिरा, माझे गारठलेले हात, दोनदा टोचावं लागलं. नळी डब्यात ठेवली, डबा हँडलला टांगला, आणि काका सोबत नाहीत या आनंदात साठच्या वेगानं अमरावतीला आलो. मशीननं आकडे दिले. मॅडमनी ते पाहून चष्मा काढला. लाल पेशी मोजल्या तर निम्म्याहून कमी, आणि बाकीचे आकडे एकमेकांशी जुळेचनात. "नळी नीट हलवली नाहीस तू. परत आण," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मायला टोचलं, पुन्हा डबा हँडलला, पुन्हा तेच. ते कागद घेऊन मी आमच्या गावच्या डॉक्टरांना दाखवले, तर ते पुन्हा पुन्हा चाळून म्हणाले, "हाडातच रक्त तयार होत नसेल. नागपूरले घेऊन जा."

आमच्याकडे डॉक्टर नागपूर म्हणाला की घरातले लोक तिथंच बसकण मारतात. बाबांनी तेच केलं. हातातली खुरपी घेऊन ओट्यावर बसले ते दुपारी जेवायलाही उठले नाहीत. माय मात्र म्हणत होती की मेथी उतरवल्याशिवाय मी कुठंच येत नाही. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. शेकडो लोकांचे रिपोर्ट टाइप केलेला माणूस मी. मला ते आकडे काय म्हणतात ते कळत होतं, म्हणून जास्त भीती वाटत होती.

शेवटचं म्हणून तिसऱ्यांदा रक्त आणलं त्या सकाळी मॅडम बाहेर गेल्या होत्या. काकांनी माझं तोंड पाहिलं आणि नळी मागितली. चिडलेलोच होतो, दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून आडवी केली. नळीच्या आत काचेला रव्यासारखे लाल कण चिकटले होते.

"डबा कुठी ठेवला होता?"

"हँडलला टांगला होता."

मला वाटलं आता ऐकवतील. पण त्यांनी शर्टाची दोन बटणं काढली, पेपरच्या घडीत हात घातला, आणि माझ्या मायच्या रक्ताची नळी काखेत धरून स्टुलावर बसले. दहा मिनिटं! इकडे माझा जीव जातो आणि हा माणूस डोळे मिटून काखेत नळी धरून बसला आहे. मी म्हटलं, "काका, हे काय लावलं तुम्ही? माय मरून राहिली माही!" पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडलो. सगळी लॅब बघायला लागली.

"ओरड, ओरड. तेवढंच आंग गरम होते," ते म्हणाले.

मग नळी काढली आणि पुन्हा उजेडात धरली. एकही कण नव्हता. रक्त काचेवरून सरळ, स्वच्छ वाहत होतं.

"भैताड," ते हळूच म्हणाले. "तुह्या मायच्या रक्ताले थंडी वाजते बे. थंडं झालं की गोळा होऊन बसते. मशीन मोजन काय, कपाय?"

मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हे आधी माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं, म्हणाल्या. असं दुखणं असतं, क्वचित दिसतं, आमच्या उन्हाळी मुलखात तर फारच क्वचित. ते असेल तर नागपूरची गरज नव्हती, आणि हाडातलं जे भयंकर काही सगळ्यांच्या मनात होतं तेही नव्हतं. पण खात्रीची तपासणी करायची तर रक्त अंगातून निघाल्यापासून लॅबमध्ये वेगळं करेपर्यंत अंगाएवढंच गरम राहायला हवं. वाटेत गार झालं की तपासणी फुकट. मायच्या हातांत आता टोचायला जागा उरली नव्हती, म्हणून एकच संधी होती.

मी म्हटलं, मायला ऑटोनं आणतो. काका माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी तिला विहिरीत टाकतो म्हटलं. "जिच्या रक्ताले थंडी वाजते, जिले उभं राह्यलं की चक्कर येते, तिले सकायी ऑटोत हवेनं मारतं? रक्त आणू, मायले कायले आणतं?" मॅडमनी थर्मास सुचवला. "थर्मासमंदी चहा आणतेत," काका म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या घरी. कधी नव्हे ते वेळेवर, पण घरात आल्यावर सगळं साग्रसंगीत. चुलीपुढं बसले, घड्याळ लावलं, दहा मिनिटं हात शेकले. मायचा हात गरम पाण्याच्या टॉवेलात गुंडाळून ठेवला. तिच्याशी गप्पा काय, तर मेथीला यंदा भाव काय, लव्हाळ्याचं तण किती झालं. मी दारात उभा राहून दातओठ खात होतो. एक मिनिट वाया जाणं मला सहन होत नव्हतं, आणि हा माणूस लव्हाळ्यावर बोलतो!

माय डोळे घट्ट मिटून, तोंड फिरवून बसली होती. आधीच्या टोचण्यांनी तिचा कोपर काळानिळा झाला होता, आणि ते माझंच काम. थोड्या वेळानं ती म्हणाली, "टोचा ना भाऊ, किती वाट पाहाले लावता?"

काकांनी भरलेली नळी तिला दाखवली. "झालं ना वयनी."

माय बघतच राहिली. मीही.

दोन बटाटे चुलीजवळ ठेवले होते. काकांनी एकेक गालाला लावून पाहिला, एकाला थोडं निवू दिलं. "आंगाएवढाच पायजे. जास्ती गरम झाला तं रक्त शिजन." दोन बटाट्यांच्या मध्ये नळी, ते सगळं एका मोज्यात, आणि मोजा त्यांच्या काखेत. हात अंगाशी घट्ट दाबला. आता अशा हातानं गाडी कोण चालवणार? त्या रजईच्या मुठीत मी हात घातले, काका मागे बसले. किक मारतो तर त्यांनी थांब म्हटलं आणि मोकळ्या हातानं आपल्या शर्टातला पेपर ओढायला सुरुवात केली.

"हे काय?"

"घाल छातीत."

"अहो काका, तुम्हाले लागन ना थंडी!"

"मले लागू दे. पुढं तू बसून राहिला. तुले थंडी वाजली की तू घाई करशीन, अन् घाई केली की हवा लागन. घाल मुकाट्यानं."

त्यांच्या अंगाची ऊब असलेला तो पेपर मी छातीत घातला. चारही घड्या. हायवेला लागलो आणि लगेच मागून सुरू झालं, "हयू. हयू बे. तीस." धुकं पडलं होतं, एमआयडीसीच्या बसगाड्या भराभर बाजूनं जात होत्या, मॅडम लॅबमध्ये सगळं मांडून बसल्या होत्या, आणि मी तीसनं. वाटायचं, एकदा कान पिळावा गाडीचा आणि दहा मिनिटांत पोचावं. पण ते मागून माझ्या खांद्यावरून काट्याकडे बघत होते. चौतीस झालं की पाठीत बोट टोचायचे.

राहटगावची शेकोटी आली. चार-पाच जण बसलेले. "ओ काका! या ना!" मी सवयीनं वेग कमी केला.

"चाल," काका म्हणाले.

पुढं एका गोदामाच्या चौकीदाराची शेकोटी. त्यानं उठून हात हलवला. "चाल." पंचवटीच्या अलीकडली, जिथं त्यांनी माझे सहा हिवाळे खाल्ले ती शेकोटी आली. तिथल्या झाडूवाल्या मावशी उभ्या राहून ओरडल्या, "काका, रुसले का जी?" "चाल." त्यांची हनुवटी माझ्या खांद्याला टेकली होती आणि ती कडकड वाजत होती. पेपर नाही, बटाटे रक्ताला दिलेले, आणि स्वेटरातून हवा आरपार. मी गाडी चालवत रडत होतो. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, म्हणून कुणाला कळलं नसेल.

नळी पोचली तेव्हा मॅडमनी ती हातात घेतली आणि नुसतं "वा" म्हणाल्या. रिपोर्ट आला. काका म्हणाले होते तेच निघालं. मोठ्या डॉक्टरांनी थोड्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मुख्य औषध ऊब. थंड पाण्यात हात घालायचा नाही, अंगावर वारं घ्यायचं नाही, हातापायांत मोजे. मेथी धुवायचं काम बाबांकडे आलं. माय अजून आहे, ठणठणीत आहे, आणि मार्चपर्यंत पोलक्याच्या आत कालचा पेपर घालते.

काकांचे आभार मानायला मी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. ते तापानं फणफणले होते, तीन चादरी अंगावर. मी पाया पडलो. काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. माझं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "पेपर आणला का वापस? त्यातलं कोडं अर्धं राह्यलं माहं."

पेपर मी घरीच विसरलो होतो. पुढचे आठ दिवस मला तो पेपर ऐकावा लागला.

काका रिटायर झाले आणि बाळापूरला परत गेले, जिथं थंडी पाहुणी येते. आता घरोघरच्या सॅम्पलला मी जातो, आणि मागं डबा मांडीवर घेऊन एक जण बसतो. तो कधी कधी मागून उसासे टाकतो. टाकू दे.

मागच्या जानेवारीत काकूंचा फोन आला. काकांची तब्येत खालावली होती, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, आणि ते गावातल्या कुणालाही हात लावू देत नव्हते. दोन टेक्निशियन येऊन परत गेले. दोघांचेही हात थंडे. "तूच ये बाप्पा, माहं डोकं उठवलं यानं," काकू म्हणाल्या. मी मायला सांगितलं, तर तिनं दोन महिन्यांची रद्दी सुतळीनं बांधून दिली. आदल्या दिवशी अकोल्याला बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी तिच्या नवऱ्याची मोटरसायकल घेऊन निघालो. बाळापूरपर्यंत तीसच्या वर गेलो नाही. वाटेत दोन शेकोट्या लागल्या. दोन्हीकडे थांबलो.

"रद्दी कायले आणली रे? कालच तं विकली मी घरची!" दारातच काकू म्हणाल्या.

काका खिडकीपाशी खाटेवर होते. अर्धे झाले होते. मला पाहून म्हणाले, "उशीर केला."

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला, मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. काकू बघत राहिल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. "आता तूबी का?" त्या म्हणाल्या. "माणूस उपाशी हाये, चहा राह्यला त्याचा, अन् तू हात भाजून राहिला!"

"दोन मिनिटं, काकू."

दहा मिनिटं झाल्यावर मी खाटेजवळ गेलो आणि हात पुढं केला. त्यांनी तो ओढून गालाला लावला, डोळे मिटले. त्यांचा गाल बर्फासारखा गार होता.

"थंडा हाये," ते म्हणाले. "अजून शेक."

मी परत गेलो, अजून पाच मिनिटं शेकले. मोज्यातला बटाटा सोबत नेला होता, तो त्यांच्या तळहातात दिला. त्यांच्या दंडावर गरम टॉवेल गुंडाळला, बोटानं शीर चाचपली. ती होती, बारीक, पण होती. काका खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळ झाला.

"टोच ना बे," ते म्हणाले. "काय पाहून राहिला?"

मी भरलेली नळी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी नळी पाहिली. मग कोपराकडे पाहिलं, तिथं मी लावलेला कापूस होता. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांत एक शब्द तरी बोलेल.

"तरी थंडाच होता हात," ते म्हणाले.

पण माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. काकू चहा घेऊन आल्या, कप निवून गेला, तरी सोडला नाही.